दोन माणसं चटकन खाली उतरली

“बाराव्या दिवशी दोन माणसं चटकन खाली उतरली, आणि मी काम सोपवून दिलं.” एवढं वाचून मी वही मिटली आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण तेविसाव्या वर्षी चार लोक आपल्याकडे टक लावून बघायला लागले, की हाताला काहीतरी काम लागतं.

लोक तरी कोण, तर तिघं. खुर्चीत आमचे हेडमास्तर काशिद सर, पायरीवर विहीर खणायला आलेला यल्लाप्पा वडार आणि खांबाला टेकून उभी असलेली त्याची बायको सायव्वा. भीमेकाठच्या बोरजाई गावातली ही अडुसष्ट सालची गोष्ट. आमची शाळा भरायची ती एका पडीक इंग्रजी बंगल्यात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनीची मोजणी करायला आलेला कुणी पेनरिथ नावाचा साहेब तिथं राहायचा. गाव त्याला अजून पेंद्रिस म्हणायचं. शाळेला पाणी नव्हतं. मुली मैलभरावरच्या नदीतून कळशा आणायच्या आणि पहिला तास त्यातच जायचा. म्हणून विहीर काढायचं ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात भिंतीतलं फडताळ साफ करताना पेंद्रिस साहेबाची वही काशिद सरांच्या हाती लागली.

वहीत बंगल्यामागच्या खोलगट जागेचा नकाशा होता. त्यावर फुली आणि खाली दोन ओळी. अक्षर किरटं, शाई तपकिरी पडलेली. अख्ख्या पंचक्रोशीत इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला मी एकटाच, तेव्हा वाचन माझ्याकडे आलं. मी आधी इंग्रजीत खणखणीत वाचलं, “हियर द ग्राउंड इज क्विक, अँड डिड लेट अस इलेव्हन डेज. ऑन द ट्वेल्थ टू मेन वेंट डाउन क्विक, अँड आय गेव्ह ओव्हर द वर्क.” मग मराठीत सांगितलं की इथली जमीन झटपट आहे, अकरा दिवस तिनं आम्हाला काम करू दिलं, बाराव्या दिवशी दोन माणसं चटकन खाली उतरली आणि मी काम सोपवून दिलं.

काशिद सरांनी एकच शंका काढली. विहीर पुरी करून सोपवली, तर ती गेली कुठं? मी म्हणालो, गाळानं बुजली असेल, सव्वाशे वर्षं झाली. हे मी इतक्या सहज म्हणालो, की त्यांनी पुढं विचारलंच नाही.

खरं तर यल्लाप्पाच्या मनात वेगळीच जागा होती. वरच्या अंगाला लिंबाखाली मुरमाड जमीन होती, तिथं तो सकाळीच पहार आपटून आला होता. तिथं दगड लागेल, दोन महिने जातील, पण विहीर टिकेल, असं त्याचं म्हणणं. काशिद सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीवर बोट ठेवून म्हणालो की बारा दिवसांत होणारं काम दोन महिने कशाला लांबवायचं? साहेबानं लिहून ठेवलंय. पुढं वाद उरला नाही. छापलेलं किंवा लिहिलेलं इंग्रजी म्हटलं की त्या काळी माणसं गप्प बसायची, आणि हे मला फार आवडायचं.

आम्ही सगळे ती जागा बघायला गेलो. साधी बशीसारखी खोलगट जागा, मध्ये गवत हिरवंगार, आणि आजूबाजूला वाळलेलं असताना हे एवढंच हिरवं. बाभळी होत्या, पण त्या काठावर. मध्ये एकही झाड नव्हतं. सायव्वा अनवाणी मधोमध गेली, जरा वेळ उभी राहिली आणि पाय उचलून बाजूला झाली.

“ही जागा जिती हाय, मास्तर,” ती म्हणाली. “हिच्यात घालू नगा ह्यास्नी.”

मला हसू आलं. मी तिला तिथंच उभ्या उभ्या सजीव-निर्जीवाचा सहावीचा धडा शिकवला. जे खातं, वाढतं आणि हलतं ते सजीव. माती खात नाही, वाढत नाही, हलत नाही. सायव्वानं सगळं ऐकून घेतलं. यल्लाप्पालाच माझ्यापुढं ओशाळल्यासारखं झालं असावं. “तिला दिवस गेल्यात, मास्तर,” तो म्हणाला. “तिला समदंच जितं दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं आणि त्याचा धाकटा भाऊ मारुत्यानं कुदळ घातली. काम खरंच झपाट्यानं झालं. वरची काळी चिकण माती लोण्यासारखी निघत होती, आणि चौथ्या दिवशी यल्लाप्पानं अकरा पायऱ्यांची शिडी खाली सोडली. मधल्या सुट्टीत मी काठावर जाऊन उभा राहायचो आणि साहेब खोटं लिहीत नव्हता हे जो भेटेल त्याला ऐकवायचो. पाचव्या दिवशी माती संपून ओली राखी वाळू लागली. पाणी आलंच समजा, असं मी वर्गात फळ्यावर लिहून सुट्टी देऊन टाकली.

सहाव्या दिवशी सकाळी यल्लाप्पा शिडीच्या पायऱ्या मोजत उभा होता. आदल्या संध्याकाळी काम थांबवलं तेव्हा अकराही पायऱ्या उघड्या होत्या. आता नऊ दिसत होत्या. कडेची माती ढासळलेली नव्हती, कुदळीचे वळ भिंतीवर तसेच ताजे होते. तळच दोन पायऱ्या वर आला होता.

वाळू सरकली असेल, मी म्हणालो. कुठून सरकली हे मला माहीत नव्हतं, पण सरकली असेल. दोघांनी दिवसभर उपसली आणि पुन्हा अकरा पायऱ्या केल्या. सातव्या दिवशी सकाळी सात उरल्या होत्या. यल्लाप्पानं घमेलं तळाशी पालथं घालून ठेवलं होतं, ते नाहीसं झालं होतं. रात्री कुणी उचलून नेलं म्हणावं, तर खाली पावलांचा ठसा नव्हता. वाळू दुधावरच्या सायीसारखी सपाट होती.

त्या दुपारी तो वर आला तो हात धुऊन माझ्याकडेच. मला म्हणाला, खाली उभं राहिलं की तळपायाला काहीतरी लागतं. दगड नव्हे. आतून कुणी हळूच ढोसावं तसं, मग थांबतं, मग पुन्हा. तो घाबरट माणूस नव्हता. चाळीस विहिरी काढलेला होता, सुरुंगाशेजारी बसून भाकरी खाणारा. पण बोलताना तो सारखा पायाकडे बघत होता. वहीत असं काही लिहिलंय का, एवढंच त्याला हवं होतं. मी वही पुन्हा काढली. पुन्हा तेच वाचलं, तेच सांगितलं. शाळेतल्या छोट्या डिक्शनरीतही पाहिलं. क्विक म्हणजे शीघ्र, चपळ, लवकर. डिक्शनरीच माझ्या बाजूनं म्हटल्यावर मी त्याला धीर दिला की साहेबाला अकरा दिवस लागले, तुझे सातच झालेत, दम धर. माझ्या शब्दावर तो पुन्हा खाली उतरला. हे वाक्य मी आजवर कधी कुणापुढं मोठ्यानं बोललेलो नाही.

आठव्या दिवशी गुरुवार होता. दर गुरुवारी दवाखान्यातल्या नर्स एस्तेरबाई भांबळ शाळेच्या ओसरीवर बसून गावातल्या बाया तपासायच्या. नगरच्या मिशनमध्ये शिकलेल्या, पन्नाशीच्या, कडक आणि प्रेमळ. मी पलीकडं बाकावर वह्या तपासत होतो. मारुत्या खड्ड्यावर कप्पी सांभाळत होता आणि यल्लाप्पा खाली. सायव्वाला एस्तेरबाईंनी सतरंजीवर आडवं केलं, मध्ये लुगड्याचा आडोसा धरला. जरा वेळानं सायव्वाचं हसू ऐकू आलं. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. आतून लाथ मारली, असं ती म्हणाली. एस्तेरबाईंनी तिच्या कार्डावर इंग्रजीत काहीतरी टिपलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “चला, क्विकनिंग झालं.”

माझी लाल पेन्सिल थांबली. मी विचारलं, काय झालं म्हणालात?

“क्विकनिंग. पोटातला जीव पहिल्यांदा हलतो ना, त्याला म्हणतात.”

“क्विक म्हणजे लवकर ना, बाई?”

“तुमच्या पुस्तकात असेल,” त्या म्हणाल्या. “आमच्या जुन्या इंग्रजी प्रार्थनेत आहे, द क्विक अँड द डेड. देव न्याय करील तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा. क्विक म्हणजे जिवंत, मास्तर.”

मी वही काढली नाही. ते दोन ओळींचं टिपण मला पाठ होतं. इथली जमीन जिवंत आहे. बाराव्या दिवशी दोन माणसं खाली गेली. जिवंत.

मी उठलो कधी आणि धावलो कधी, मला आठवत नाही. चपला बाकाखाली राहिल्या. मागून सायव्वा येत होती हे तिच्या बांगड्यांवरून कळत होतं, पण तिला थांब म्हणायलाही मी थांबलो नाही. काशिद सर वर्गातून बाहेर आले आणि काय झालं हे न विचारता तेही निघाले. खड्ड्याच्या काठावर मारुत्या पालथा पडून खाली बघत होता आणि दोर त्याच्या मुठीत होता.

खाली यल्लाप्पा मांडीपर्यंत वाळूत उभा होता. शिडीच्या आठ पायऱ्या दिसत होत्या. तो ओरडत नव्हता. वर बघून अगदी हलक्या आवाजात, जणू कुणाची झोप मोडू नये म्हणून, तो म्हणाला, “मास्तर, पाय धरलाय.”

मारुत्यानं त्याच्या काखेत दोर टाकला होता, पण ओढलं की यल्लाप्पा कळवळायचा आणि तसूभरही वर यायचा नाही. कुणीतरी उतरून पाय मोकळा करायला हवा होता. मारुत्या धिप्पाड, काशिद सर साठीला आलेले. मी काटकुळा. मी कुणाच्याही सांगण्याची वाट पाहिली नाही, आणि यात शौर्य नव्हतं. वर उभं राहून सायव्वाच्या डोळ्याला डोळा देण्यापेक्षा खाली जाणं सोपं होतं. काठावर पडलेला विळा मी कमरेला खोचला.

शेवटच्या पायरीवर एका हातानं लोंबकळत मी दुसरा हात वाळूत घातला. ती इतकी गार होती, की बोटं बधिर झाली. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा यल्लाप्पाचा घोटा लागला, आणि घोट्याभोवती दोर. अंगठ्यात अडकून वर घोट्याला वेढा पडलेला. मला वाटलं, आमच्याच कप्पीचा दोर गुंतला. मी त्याचा पीळ चाचपला. आमचा दोर सुताचा होता. हा अंबाडीचा होता, बोटाएवढा जाड, आणि त्याला हातभर अंतरावर एक गाठ होती. अजिबात कुजलेला नव्हता. बुळबुळीतही नव्हता. आणि तो खालच्या बाजूला ताठ होता.

मी तो माझ्याकडे ओढला. खालून तो मागं ओढला गेला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा, आणि त्या थांबण्यात माझ्या तळहाताला ते ढोसणं लागलं, जे यल्लाप्पा मला सांगत होता आणि ज्यावर मी त्याला दम धर म्हणालो होतो.

“कापा, मास्तर,” यल्लाप्पा म्हणाला. “बगत बसू नगा.”

मी विळा वाळूत घातला आणि घासत राहिलो. शेवटचा पीळ तुटला तेव्हा कापलेलं टोक माझ्या मुठीतच होतं. ते मुठीतून सरकून खाली निघून गेलं. चटकन गेलं. साहेबाच्या त्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ मला त्याच क्षणी एकदम कळले, आणि तसं कळण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये.

वरून तिघांनी ओढलं. यल्लाप्पा सुटला तसा मी त्याच्या खालून शिडी चढू लागलो. एक पायरी चढून खाली पाहिलं, तर सोडलेली पायरी नाहीशी झालेली. पुन्हा चढलो, ती पायरीही गेली. वाळू आवाज न करता आमच्या मागोमाग वर येत होती, घाई न करता. मी काठावर पडलो तेव्हा शिडीच्या चारच पायऱ्या बाहेर होत्या. दिवस मावळेपर्यंत खड्डा काठोकाठ भरला आणि शिडी दिसेनाशी झाली. वर ओलसर सपाट वाळू, आणि तिच्यावरून टिटवी ओरडत गेली, पण उतरली मात्र नाही.

यल्लाप्पाच्या अंगठ्याचं नख मुळापासून निघालं होतं. एस्तेरबाईंनी ओसरीवर पट्टी बांधली. जिव्हाळीला लागलंय, म्हणाल्या, भरायला वेळ लागेल. तो म्हणाला, भरू दे, वेळ हाय आता. सायव्वा त्याच्या उशाशी बसून राहिली आणि तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

पुढचं मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. काशिद सरांनी शाळेच्या नोंदवहीत लिहिलं की इंग्रजीचे शिक्षक श्री. टिळेकर यांनी जुन्या इंग्रजी शब्दाचा योग्य अर्थ वेळीच ओळखल्यामुळे एका माणसाचे प्राण वाचले. सरपंचांनी मला नारळ दिला आणि शाल दिली. लोक म्हणाले, मास्तरांचं इंग्रजी कामाला आलं. मी शाल घेतली, नमस्कार केला आणि तोंड उघडलं नाही. खड्डा तिथं कुणाच्या सांगण्यावरून काढला हे सगळे कसे विसरले कोण जाणे. कदाचित मला विसरायला हवं होतं म्हणून तेही विसरले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला जाऊन ग्रंथालयातली जाडी इंग्रजी डिक्शनरी मागवली. शिपायानं ती दोन्ही हातांनी आणून ठेवली. मी त्या दोन ओळींचा अर्थ एकेक शब्द करून काढला. लेट म्हणजे करू देणं, हे मला माहीत होतं. पूर्वी त्याच रूपाचा दुसरा शब्द होता, त्याचा अर्थ अडवणं. गेव्ह ओव्हर म्हणजे सोपवणं नव्हे, हात टेकणं, सोडून देणं. जमीन जिवंत आहे, अकरा दिवस तिनं आम्हाला अडवलं, बाराव्या दिवशी दोन माणसं जिवंतपणी खाली गेली आणि मी काम सोडून दिलं. साहेबानं धोक्याची पाटी लिहून ठेवली होती. मी तिचा एकेक शब्द उलटा केला होता, आणि प्रत्येक शब्द उलटा होऊनही वाक्य इतकं नीट जुळलं होतं, की शंका यायला जागाच राहिली नव्हती.

क्विकच्या खाली बरंच काही होतं. बोटाच्या नखाखालच्या जिवंत मांसालाही तेच म्हणतात, आपण जिव्हाळी म्हणतो ते. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, त्याचं मूळ. हजारो वर्षांपूर्वी एक शब्द होता, त्याची एक शाखा पश्चिमेला गेली, तिचं क्विक झालं. दुसरी आपल्याकडे आली, तिचा संस्कृतात जीव झाला. म्हणजे आपलं जितं आणि जिती. मी ते तीन-चारदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, बरं वाटत नाही का?

यल्लाप्पानं लंगडत लंगडत लिंबाखाली विहीर काढली. दोन महिने लागले, दगड लागला, पाणी गोड लागलं. ती विहीर अजून आहे. ते लोक निघाले त्या सकाळी मी मुद्दाम पालावर गेलो. मारुत्या गाढवांवर सामान चढवत होता, यल्लाप्पा गावात निरोप घ्यायला गेला होता. सायव्वाला सातवा लागला होता. ती चुलीचे दगड बाजूला टाकत होती.  तिनंच विचारलं.

“मास्तर, सायबानं काय लिवलं हुतं वो? खरं सांगा.”

तिथं नोंदवही नव्हती, शाल नव्हती, ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, “जागा जिती आहे, असं लिहिलं होतं.”

तिनं हातातला दगड खाली ठेवला. तिला राग येईल असं मला वाटलं, यावा असंही वाटलं. पण ती कोड्यात पडली होती.

“आन मी काय म्हनले हुते?”

“तेच. शब्दसुद्धा तोच.”

“मग त्यो बी त्येच म्हनला, मी बी त्येच म्हनले,” सायव्वा म्हणाली. “मदी काय झालं, मास्तर?”

“मध्ये मी होतो,” मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा हात पोटावर गेला, आतून काहीतरी हललं असावं, आणि तिनं मान फिरवली.